नास्तिक हा 'धर्म' होतो का?

दादरच्या एका वाचकांनी विचारलंय: मुलीने कॉलेजच्या अर्जात 'धर्म' या रकान्यात 'नास्तिक' लिहिलं. खिडकीवरच्या बाईंनी 'हा काय धर्म झाला?' म्हणत ते खोडायला लावलं. घरी आजोबांचं म्हणणं उलट, 'नास्तिकपणा हाही एक धर्मच!' खरं कोणाचं? आणि नाम कोणतं वापरावं, नास्तिकता की नास्तिक्य?

भाषेपुरतं बोलायचं तर बाईंचं बरोबर. 'नास्तिक' हा शब्द माणसाचं मत सांगतो, ते धर्माचं नाव नव्हे. पाणिनीचं सूत्र आहे, 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (४.४.६०). 'नाही' अशी ज्याची मती, तो नास्तिक. पण काय नाही? खरी गंमत इथेच आहे. काशिकावृत्ती, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, म्हणते परलोक. मनुस्मृती म्हणते 'नास्तिको वेदनिन्दकः', म्हणजे वेदांची निंदा करणारा. आपण आज 'देव न मानणारा' एवढंच धरून चालतो. जुन्या हिशेबात मात्र जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक आणि निरीश्वर सांख्य हे तत्त्वज्ञ वेद मानतात म्हणून आस्तिकांच्या पंगतीला, आणि जैन-बौद्ध नास्तिकांच्या. आता जैन आणि बौद्ध हे धर्मच नाहीत, असं कोणी म्हणेल का? धर्म कोणता आणि देव मानता का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. 'चहा की कॉफी?' या प्रश्नाला 'बिनसाखरेची' म्हणावं, तसं त्या रकान्यातलं 'नास्तिक' आहे.

याच्या उलट बाजूचा नमुना मुंबई उच्च न्यायालयात आला होता. फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड या मंडळींनी राजपत्रात आपली नोंद 'धर्म नाही' अशी करून मागितली आणि शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली. मंडळी येशूला मानणारी, पण ख्रिस्ती किंवा दुसरा कुठलाच धर्म आपला नाही म्हणणारी! सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. घटनेच्या २५व्या कलमात 'मला कोणताच धर्म नाही' म्हणण्याचा हक्कही येतो, आणि धर्म सांगायची सक्ती सरकारला करता येत नाही. तेव्हा बाईंनी खोडायला लावलं ते शब्दापुरतं ठीक, पण त्याजागी दुसरा धर्म लिहाच असं म्हटलं असेल तर ते चूक.

आता आजोबा. 'धर्म' हा शब्द मराठीत भलताच ऐसपैस आहे. शेजारधर्म, दानधर्म, गुणधर्म, ट्रक वजन करायचा धर्मकाटा, वरळीचं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. या अर्थाने धर्म नास्तिकालाही असतो. शेजारधर्म पाळायला देव लागत नाही. पण आजोबांच्या मनात हे नसावं. तो बहुधा टोमणा आहे, 'तुम्हीही तितकेच कट्टर' असा. शिवाजी पार्कात 'क्रिकेट हाच आमचा धर्म' म्हणतात, त्याच जातीचा अलंकार. अलंकार म्हणून मला आवडतो, युक्तिवाद म्हणून नाही.

कायदा आपल्या सोयीने बोलतो, हेही खरं. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या एका कैद्याला तुरुंगात नास्तिकांचा अभ्यासगट काढायचा होता. २००५ साली तिथल्या अपील न्यायालयाने घटनात्मक संरक्षणापुरती नास्तिकता धर्मात धरली. त्यावरून शब्दकोश बदलायचं कारण नाही.

मुलीने 'धर्म नाही' लिहावं, किंवा कचेरीच्या मराठीत 'निरंक', म्हणजे 'काही नाही'. 'निधर्मी' नको, त्याला शिवीचा वास येतो. 'धर्मनिरपेक्ष' तर मुळीच नको, ते राज्याचं विशेषण.

नामाचं म्हणाल तर दोन्ही शुद्ध. 'नास्तिक्य' जुन्या संस्कृत वळणाचं, आता पुस्तकी वाटतं. लेखात 'नास्तिकता' लिहा, बोलताना आजोबांचा 'नास्तिकपणा' उत्तम. फक्त 'नास्तीक' असा दीर्घ लिहू नका.