लग्नाची कॅसेट आणि डबा टीव्ही

प्रश्न : काका, आमच्या लग्नाची १९९१ सालची व्हीएचएस कॅसेट आहे. व्हीसीआरही चालू आहे. पण भाच्याच्या ४३ इंची टीव्हीवर लावली तर सगळं वऱ्हाड बुटकं, जाडं आणि धुरकट दिसतं. खाली एक पट्टी सारखी थरथरते. कॅसेट गेली का? नसेल, तर ५-६ हजारांत कोणता टीव्ही घ्यावा? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून कॅसेट ठणठणीत वाटते. वऱ्हाड जाडं झालं ते टीव्हीमुळे. तेव्हाचं चित्र ४:३ (रुंदी:उंची) मापाचं, आताचा पडदा १६:९चा. तो चित्र दोन्ही बाजूंनी ताणतो. मेनूत ४:३ निवडा, नवरदेव लगेच बारीक होतील! खालची पट्टी व्हीसीआरमधली टेप वाचणारी दोन हेडं आळीपाळीने काम करतात त्या अदलाबदलीची. ती पूर्वीही होतीच, पण पिक्चर ट्यूबचा जुना डबा टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड लपवायचा, म्हणून कोणाला दिसली नाही.

धुरकटपणाला मात्र मेनूत औषध नाही. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत पडद्यावर ५७६ ओळी दिसतात, आणि व्हीएचएसवर आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. तेवढंच चित्र ४३ इंचांवर पसरायचं म्हणजे वाटीभर वरण पंगतभर वाढण्यासारखं. म्हणून माझं मत सरळ आहे : २१ इंची जुना डबा टीव्ही घ्या. तो सेकंदाला ५० वेळा, एक ओळ सोडून एक, जसं येतं तसं चित्र काढतो. ओळी जुळवायच्या भानगडीत पडत नाही.

माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तरी एकदा मीच फसलो. एका दुकानातून २९ इंची, सपाट काचेचा सेट दोन मिनिटं बघून उचलला. घरी अर्ध्या तासात सेट तापला आणि चित्र फुगायला लागलं. परत करायचं तर जिना उतरवायला तीन माणसं लागली! तेव्हा विकणाऱ्याला सांगा, अर्धा तास चालू ठेव. तुमचा व्हीसीआर आणि कॅसेट सोबत न्या. काळा रंग राखाडी दिसत असेल आणि अक्षरं पसरत असतील, तर पिक्चर ट्यूब उतरली आहे, सोडून द्या. कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग दिसला तर घाबरू नका. शेजारचा स्पीकर हलवा, सेट बंद करून थंड होऊ द्या, पुन्हा लावा. बहुतेक वेळा डाग जातो. मूळ रिमोट हवाच, कारण पुष्कळ सेटवर एव्ही (म्हणजे व्हीसीआरचं चित्र) लावायचं बटण तेवढ्यावरच असतं. दीड हजारावर एक रुपयाही देऊ नका. आणि मागचं झाकण घरी उघडायचं नाही. ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो, सेट बंद केल्यावरही काही काळ राहतो.

डबा मिळालाच नाही तर २४ किंवा ३२ इंची एलईडी घ्या, पण एव्ही इन, म्हणजे व्हीसीआरची वायर जोडायची जागा, आहे का ते पाहूनच. काही सेटवर ते हेडफोनसारख्या एका बारीक भोकात असतं आणि सोबत जोडवायर येते. बाजारातली दुसरी वायर लावून चित्र आलं नाही, तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या सॉकेटात घालून बघा. कंपनीगणिक जोडणी वेगळी असते. मेनूत शार्पनेस शून्यावर आणा, मुंग्या कमी होतात.

हो, कोकणातली हवा विसरू नका. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी. ती कॅसेट अजिबात लावू नका; हेड तर भरतंच, पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते.

प्रश्न : भावाने अमेरिकेतून बारशाची कॅसेट पाठवली. डबा टीव्हीवर ती काळी-पांढरी दिसते आणि चित्र वर-वर सरकतं. – एक वाचक, सांगली

उत्तर : तिकडची पद्धत एनटीएससी : ५२५ ओळी, सेकंदाला सुमारे ३० चित्रं. आपली पाल : ६२५ ओळी (न दिसणाऱ्या धरून), २५ चित्रं. तुमचा डबा फक्त पाल जाणतो. इथे मी माझंच म्हणणं फिरवतो. व्हीसीआर एनटीएससी वाजवत असेल तर तो शेजाऱ्यांच्या एलईडीला लावून बघा. बहुतेक एलईडींना दोन्ही पद्धती कळतात. व्हीसीआरच एकपद्धतीचा असेल तर टीव्ही बदलून उपयोग नाही, मल्टिसिस्टीम, म्हणजे दोन्ही पद्धती वाजवणारा, व्हीसीआर शोधावा लागेल.