बेशुद्ध माणसाच्या खिशात काय असावे?

प्रश्न : मी ६७ वर्षांचा असून धरमपेठेत राहतो. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवल्यापासून रक्तात गुठळ्या होऊ न देणारी वॉरफेरिनची गोळी रोज घेतो आणि मधुमेहासाठी इन्सुलिनही घेतो. सकाळी अंबाझरी तलावाकडे एकटाच फिरायला जातो. तिकडे पडलो, तर मदतीला येणाऱ्यांना हे कसे कळेल? मोबाइलला लॉक असते आणि आजार असे उघड्यावर ठेवणे माझ्या मुलाला पसंत नाही.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. बहुतेक जण अशा चिठ्ठीवर आधी रक्तगट लिहितात. तो लिहायला हरकत नाही. परंतु रक्त चढवण्यापूर्वी रुग्णालय तो पुन्हा तपासतेच, त्यामुळे तुमच्या बाबतीत त्याहून मोलाचे शब्द तीन आहेत : वॉरफेरिन, धातूची झडप आणि इन्सुलिन.

वॉरफेरिन घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर वरून जखम किरकोळ दिसत असली तरी कवटीच्या आत रक्तस्राव होण्याचा धोका अधिक असतो, म्हणून डॉक्टर सीटी स्कॅनला उशीर करत नाहीत. मात्र केवळ ‘वॉरफेरिन’ लिहून भागणार नाही, कारण गोळीचा परिणाम उतरवताना झडपेवर गुठळी होण्याची भीतीही त्यांना तोलावी लागते. इन्सुलिनचे म्हणाल, तर रक्तातील साखर उतरलेला माणूस घामाघूम होतो, असंबद्ध बोलतो, आणि मे महिन्यातल्या नागपुरात त्याला ऊनच लागले असे लोक सहज समजतात. कोणी तर दारूही प्यायला असेल म्हणतात. ‘इन्सुलिन घेतो’ हे वाचल्यावर १०८ च्या रुग्णवाहिकेतील डॉक्टर साखर आधी तपासतील. औषधांची ॲलर्जी असल्यास तीही लिहावी. आपल्या विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी तो उल्लेख कधीही वगळू नये.

फोनचे लॉक ही अडचण नाही. आयफोनच्या हेल्थ ॲपमधील ‘मेडिकल आयडी’त ही माहिती भरून लॉक असतानाही ती दिसण्याची परवानगी द्यावी, बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या सेटिंग्जमध्येही आपत्कालीन माहितीची सोय असते, आणि ती लॉक स्क्रीनवरील आपत्कालीन कॉलच्या बटणातून उघडते. तरीही माझा अधिक भरवसा पाकिटातील कागदावर आहे. पडताना फोन फुटतो, त्याची बॅटरी संपते, आणि घाईत प्रत्येकाला ते बटण सुचेलच असे नाही.

चिरंजीवांची शंका रास्त आहे. म्हणूनच आधार क्रमांक, घराचा पत्ता किंवा जुने अहवाल तिथे नकोत; वरील तीन गोष्टी, तुमचे नाव, वय आणि घरच्या दोघांचे फोन क्रमांक एवढे पुरे. ‘आभा’ या सरकारी डिजिटल आरोग्य खात्यातील नोंदी सविस्तर असल्या, तरी त्या पाहण्यासाठी रुग्णाची संमती लागते, आणि बेशुद्ध माणूस ओटीपी सांगू शकत नाही.

कागदावर तारीख घाला. वॉरफेरिनची मात्रा रक्ततपासणीनुसार बदलत राहते, म्हणून ती पेन्सिलने लिहिलेली बरी.