काचेसारखं लोखंड आपल्या भट्टीत होईल का?

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. केळीवाल्या शेतकऱ्यांचे पंप येतात, ड्रिपला अ‍ॅसिड ट्रीटमेंट द्यायच्या पंपाचे तर एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) पार्टपण सडून येतात. भाचा म्हणतो मेटॅलिक ग्लास नावाचा धातू असतो, गंजत नाही आणि स्टीलपेक्षा भारी. लोखंड वितळवून डायरेक्ट पाण्यात ओतलं तर बनेल का? घरचे म्हातारे विचारतात, "ही काच शे का लोखंड?"
– एक वाचक, जळगाव

उत्तर: भाऊ, आधी एक सांगतो, वितळलेलं लोखंड पाण्यात ओतू नका, वाफेचा स्फोट होतो आणि माणूस जातो. आणि एवढं करूनही मेटॅलिक ग्लास, म्हणजे धातूकाच, बनणार नाहीच.

घरच्या म्हाताऱ्यांना सांगा, आहे धातूच, आरपार वगैरे दिसत नाही, फक्त आतले अणू काचेसारखे अस्ताव्यस्त. घरात पाक करताना बघा, निवांत ठेवला की साखर होऊन बसते, पण लिंबू पिळलं की बसत नाही, कारण साखरेचे काही रेणू फुटून दोन वेगळ्या साखरा होतात आणि मग सगळ्यांना एका रांगेत बसता येत नाही. धातूचंही तसंच, निवांत थंड झाला की अणू रांगेत बसतात. १९६० साली अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठात सोनं-सिलिकॉनची पहिली धातूकाच केली तेव्हा सेकंदाला दहा लाख अंशांच्या आसपास वेगाने थंड करावं लागलं, त्यात जेमतेम पापुद्रा निघाला. नंतर लक्षात आलं की नुसत्या वेगापेक्षा मिश्रणच असं निवडायचं की अणू गोंधळले पाहिजेत: तीन किंवा जास्त मूलद्रव्यं, अणूंच्या आकारात साधारण १२ टक्क्यांहून जास्त फरक, आणि एकमेकांत मिसळायची ओढ. १९९३ मध्ये झिरकोनियम, टायटॅनियम, तांबं, निकेल, बेरिलियमचं असं मिश्रण आलं, सेकंदाला १ अंशाने थंड झालं तरी चालतं. एमएस (साधं स्टील) २५० मेगापास्कल ताणाला वाकायला लागतं, हे १९०० मेगापास्कलपर्यंत टिकतं. पण बेरिलियमची धूळ फुप्फुसाला घातक, आणि झिरकोनियमला हवेतला ऑक्सिजन लागला की स्फटिक (रांगेत बसलेले अणू) बनायला लागतात, म्हणून आर्गॉन या निष्क्रिय वायूत वितळवून तांब्याच्या साच्यात ओततात. आपल्या उघड्या भट्टीत हे नाही जमायचं.

गंजाचं म्हणाल तर स्टीलमध्ये स्फटिकांच्या बारीक कणांच्या सीमा असतात, गंज बऱ्याचदा तिथूनच शिरतो. इथे सीमाच नाहीत, त्यामुळे मिश्रणात क्रोम असेल तर त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर सगळीकडे सारखा बसतो. १९७४ च्या सुमारास जपानच्या तोहोकू विद्यापीठात लोखंड, क्रोम, फॉस्फरस, कार्बनची पट्टी केली, ती मिठाच्या (हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिडमध्येही टिकली. गंमत बघा, लोखंड ठिसूळ करतो म्हणून ज्या फॉस्फरसला आपण फाउंड्रीत शिव्या देतो तोच इथे कामाचा.

खोट पण आहे. ताणलं की आधी वाकून इशारा देत नाही, कडकन तुटतं. वेल्डिंग केलं, जास्त तापवलं की परत स्फटिक, मग सगळी मेहनत पाण्यात. शाफ्टला म्हणून मी तरी वापरणार नाही.

पार्टवर कोटिंग मात्र होतं, लोखंडाच्या अशाच मिश्रणाची पावडर थर्मल स्प्रेने, म्हणजे तापवून जोरात फवारून, मारतात. फक्त थरात बारीक छिद्रं राहिली तर अ‍ॅसिड खाली जाऊन आतून पोखरतं, वरून पार्ट चकाचक दिसतो. त्यामुळे सीलिंग, म्हणजे छिद्रं बुजवणं, केलंय का ते विचारून घ्या.

आणि तुमच्या अ‍ॅसिडच्या पंपाला सरळ पॉलिप्रॉपिलीनचं हेड आणि इम्पेलर लावा, मिठाच्या अ‍ॅसिडला ते एसएसपेक्षा बरं टिकतं, आणि लय स्वस्त पडतं. भाच्याला पट्टी बघायचीच असेल तर अमॉर्फस (म्हणजे अस्ताव्यस्त अणूंच्या) कोअरचा जुना ट्रान्सफॉर्मर भंगारात शोधा, आतली कागदासारखी पातळ पट्टी हीच धातूकाच. हातात घेताना जपून, कडा ब्लेडसारख्या कापतात.