पिकअपला घरी बेडलाइनर मारावा का? पन्हाळा तालुक्यातील वाचकाच्या प्रश्नाला उत्तर

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली २०१६ सालची पिकअप गाडी कर्जमुक्त आहे, हंगामात ती गुऱ्हाळघरांवरून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गूळ वाहते, एरवी पशुखाद्य आणि किरकोळ भाडी करते, आणि आणखी तीन वर्षांनी ती विकून नवी घेण्याचा आपला विचार आहे. उद्यमनगरातील एका गॅरेजने संपूर्ण डेंटिंग-पेंटिंगचे ४८,००० रुपये सांगितले आहेत. त्याऐवजी हौद्याला, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागाला, लावतात त्या बेडलाइनर नावाच्या जाड, खरखरीत रंगाचे दोन संच विकत घेऊन, केबिनसह सगळ्या गाडीवर घरच्या अंगणातच मारावा, म्हणजे ३८,००० रुपयांत काम होऊन १०,००० रुपये वाचतील, असा आपला हिशेब आहे. त्यासाठी बँकेतील ६०,००० रुपयांची एकुलती ठेव मोडण्याची आपली तयारी आहे.

माझे मत आधीच सांगतो. हौद्याला बेडलाइनर अवश्य लावावा, केबिनला लावू नये, आणि ठेव पूर्ण मोडू नये.

आपल्या हिशेबात रंगाच्या बाटल्यांची किंमत आहे, कामाची किंमत नाही. फवारणी करायची तर कॉम्प्रेसर आणि जाड रंगाची खास गन लागेल, आणि त्यांची किंमत आपणच पत्रात १४,००० रुपये लिहून पुढे ‘नंतर उपयोगी पडेल’ म्हणून सोडून दिली आहे. इपॉक्सी प्रायमर, पॉलिश पेपर, थिनर, मास्किंग टेप, हातमोजे आणि चांगल्या प्रतीचे मास्क यांचे मी किमान ८,००० रुपये धरतो. म्हणजे खर्च ६०,००० रुपयांवर जातो. शिवाय डिझेल आणि चालकाचा पगार वजा जाता गाडी दिवसाला १,४०० रुपये मिळवून देते, असे आपण लिहिता. गॅरेजमध्ये गाडी सहा दिवस अडकेल. घरी हात न बसलेल्या दोन माणसांनी घासकाम, प्रायमर, दोन हात रंग आणि वाळवण धरून दहा दिवसांत काम उरकले तरी खूप झाले. बुडालेले भाडे मिळवले की घरचे काम ७४,००० रुपयांना आणि गॅरेजचे ५६,४०० रुपयांना पडते. जी बचत म्हणून मांडली आहे, ती प्रत्यक्षात जवळपास १८,००० रुपयांची तूट आहे.

आता हा थर नेमका काय आहे, ते पाहू, कारण पैशाचा निर्णय त्यावरच ठरतो. रॅप्टर या ब्रँडसारखे दोन घटकांचे बेडलाइनर पॉलियुरेथेनचे असतात; ७५० मिलिलिटरच्या बाटलीत २५० मिलिलिटर हार्डनर (रंग घट्ट करणारे रसायन) ओतून, म्हणजे तीनास एक या प्रमाणात, ते हलवून घ्यायचे आणि साधारण तासाभरात संपवायचे असतात, आणि उन्हाळ्यात ही मुदत आणखी कमी होते. थर एकदा पक्का झाला की ओढलेला गुळाचा रवा (ढेप), घसटलेले पोते, पडलेला जॅक यांना तो साध्या रंगापेक्षा कितीतरी कमी दाद देतो. म्हणून त्याची खरी जागा हौद्यात आहे. साधा रंग हौद्याच्या तळाला एक हंगामही टिकत नाही, हे आपण दरवर्षी पाहताच. गेल्या वर्षी तळाच्या पत्र्याला ठिगळ मारण्यास ९,००० रुपये गेले, असे आपण कळवले आहे. पुढच्या तीन वर्षांत असे एक जरी ठिगळ टळले, तरी हौद्याच्या कामाचा मोठा भाग भरून निघतो. केबिनवर असा कोणताच खर्च टळत नाही. तिथे माल घसटत नाही. तिथे फक्त ऊन, धूळ आणि पाऊस लागतो, आणि त्यांना साधा रंग पुरतो.

केबिनच्या बाबतीत तोटे मात्र बरेच आहेत. खरखरीत थराला पॉलिश करता येत नाही, ओरखडा उठला तर तेवढ्याच जागी दाणा जुळवून दुरुस्ती करणे कठीण असते, आणि थर काढायचा ठरवल्यास तो घासून काढण्याची मजुरी रंगापेक्षा जड जाते. तीन वर्षांनी गिऱ्हाईक गाडी पाहायला येईल तेव्हा दाराच्या तळाला हा जाड थर पाहून त्याच्या मनात पहिली शंका येईल ती आत लपलेल्या गंजाची, आणि त्या शंकेची किंमत तो भावातून कापून घेईल. विम्याकडेही लक्ष द्यावे. अपघाती नुकसानीच्या दाव्यात रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि रंगकामाचे बिल एकत्रित असेल तर त्यातील २५ टक्के रक्कम साहित्याची धरली जाते. त्यावर आपण लावलेला थर मूळ रंगाचा नसल्याने, कंपनी साध्या रंगाच्या खर्चापुरताच दावा मान्य करील, असे गृहीत धरूनच चालावे.

आपण केबिनसाठी ‘मिलिटरी हिरवा’ रंग मनात धरला आहे. तो विचार पूर्णपणे सोडून द्यावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह हिरवा रंग केवळ संरक्षण विभागाच्या वाहनांसाठी राखीव आहे. दुसरा कोणताही रंग घेतला तरी नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागेल. आपली गाडी आठ वर्षांपुढची असल्याने तिचे पासिंग, म्हणजे परिवहन कार्यालयाची योग्यता तपासणी, दरवर्षी होते. नोंद आणि गाडी यांत फरक दिसला किंवा खरखरीत पृष्ठभागावर रिफ्लेक्टिव्ह पट्टी नीट न चिकटता सुटून आली, तर हंगामाच्या तोंडावर गाडी उभी राहील. हौद्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे ही पट्टी बसते, तिथे म्हणूनच थर लावू नये.

एक गोष्ट मात्र मी पैशाच्याही आधी ठेवतो. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची घातक रसायने असतात. फवारणीचा धुरळा श्वासातून गेल्यास दम्यासारखा कायमचा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अल्पशा संपर्कानेही त्रास होतो. आपल्या अंगणाला लागून गोठा आहे, घरात लहान मुले आहेत, आणि कमावणारे आपण एकटेच आहात. तिथे गनने फवारणी करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. हौद्याचे काम रोलरने करता येते. त्यात हवेत धुरळा उडत नाही आणि कॉम्प्रेसरचे १४,००० रुपयेही वाचतात. तरीही काम उघड्यावर, मास्क आणि हातमोजे घालून, मुलांना दूर ठेवूनच करावे.

चार बाटल्यांचा एक संच साधारण एका पिकअपच्या हौद्याला पुरेल अशा मापाने विकला जातो. त्याचे १९,००० आणि तयारीच्या सामानाचे ४,००० रुपये धरू. केबिनच्या दारांचे तळ आणि पायऱ्या गंजल्या आहेत, तेवढ्याच भागाचे वेल्डिंग आणि मूळ पांढऱ्या रंगाचा टचअप गॅरेजकडून १२,००० रुपयांच्या आत करून मागावा. एकूण ३५,००० रुपये होतात. ठेवीतले २५,००० रुपये शिल्लक राहतात. सात टक्के व्याज धरले तर तीन वर्षांत त्यांचे ३०,६०० रुपयांच्या आसपास होतील, आणि नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला ते कामी येतील. मधल्या काळात टायर किंवा क्लच गेला तरी सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही, हे मला त्या व्याजापेक्षाही महत्त्वाचे वाटते.

हे पैसे खर्चण्याआधी हौदा धुऊन दोन दिवस उन्हात वाळवावा आणि तळाचा पत्रा बाजूच्या पत्र्याला जिथे मिळतो त्या कोपऱ्यांत स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. गुळाचा चुरा आणि सांडलेली काकवी तिथे मातीत मिसळून बसते, ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. टोक आत गेले, तर आधी पत्रा बदलावा. गंजावर मारलेला थर पाण्याला बाहेर पडू देत नाही आणि काम वाया जाते. पाणी निघून जाण्याची भोके थराने बुजू देऊ नयेत.

वेळ एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातली निवडावी. थंडीचे कोरडे दिवस या कामाला अधिक चांगले असतात, परंतु त्याच दिवसांत आपली गाडी सर्वाधिक कमावते. पावसाळ्यात भाडी कमी असतात, तर हवेतील दमटपणामुळे हार्डनर पाण्याशी संयोग पावून थरात बुडबुडे येतात. गुळाचा हंगाम ओसरल्यावर आणि वळवाचे पाऊस लागण्याआधी, ऊन चढण्यापूर्वी सकाळी रंग लावावा आणि त्यानंतर साधारण आठवडाभर जड माल भरू नये. मंदीच्या दिवसांत हा आठवडा आपल्याला स्वस्त पडेल.

राहिला प्राप्तिकर. आपण विवरणपत्र गृहीत उत्पन्नाच्या पद्धतीने, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीमागे दरमहा ७,५०० रुपये धरून भरत असाल, तर या रंगकामाची वेगळी वजावट मिळणार नाही, कारण त्या आकड्यात सगळे खर्च धरलेलेच असतात. त्यामुळे ‘कर वाचेल’ म्हणून कुणी मोठे बिल करण्याचा सल्ला दिल्यास तो मानू नये. संचाची पावती मात्र जपून ठेवावी आणि काम झाल्यावर हौद्याचे फोटो काढून विमा कंपनीला पत्राने कळवावे.