भ्रूणाचा अक्ष 'तयार होतो' की 'ठरतो'?

नाशिकमधील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी भ्रूणविज्ञानाची टिपणे लिहीत आहेत. त्यांनी तीन शंका विचारल्या आहेत. शरीराच्या 'अ‍ॅक्सिस'ला 'अक्ष' म्हणावे की 'आस'? 'अग्र-पश्च' आणि 'पृष्ठ-अधर' हे शब्द मुलांना जड जातात, तर त्यांऐवजी 'पुढे-मागे' आणि 'वर-खाली' लिहिलेले चालेल का? आणि भ्रूणात अक्ष 'तयार होतो', 'प्रस्थापित होतो' की 'ठरतो'? पहिल्या दोन शंकांचे उत्तर थोडक्यात देता येते. तिसरी मात्र वरवर क्रियापदाची दिसत असली, तरी त्या शास्त्राच्या गाभ्याशी जाणारी आहे.

'आस' हा शब्द अस्सल आणि सुंदर आहे. गाडीच्या चाकांना आस असतो आणि पृथ्वी आपल्या आसाभोवती फिरते. पण या दोन्ही ठिकाणी आसाभोवती काहीतरी फिरत असते आणि त्याची दोन्ही टोके सारखी असली तरी बिघडत नाही. भ्रूणाच्या बाबतीत फिरणे अभिप्रेतच नाही. तेथे एक दिशा सांगायची असते, जिचे एक टोक दुसऱ्यापेक्षा वेगळे आहे. गणितातल्या 'क्ष-अक्षा'ला जशी धन आणि ऋण बाजू असते, तोच अर्थ येथे हवा, म्हणून 'अक्ष' हाच शब्द ठेवावा. फक्त तो कोणताही दोरा किंवा दांडा नव्हे, हे एकदा स्पष्ट लिहावे, कारण विद्यार्थी अक्ष आणि पृष्ठरज्जू, म्हणजे भ्रूणाच्या पाठीतला दांड्यासारखा भाग, यांची हमखास गल्लत करतात.

दुसऱ्या शंकेत मराठीचीच एक अडचण आहे. माणूस उभा चालतो, म्हणून आपल्या भाषेत 'पाठ' आणि 'मागे' एकत्र आले आणि 'पाठीमागे' हा शब्द रूढ झाला. गाईची पाठ मात्र वर असते आणि मागे असते ते शेपूट. त्यामुळे 'पुढे-मागे' म्हटले, की गाईच्या बाबतीत डोके ते शेपूट अशी दिशा कळते आणि माणसाच्या बाबतीत पोट ते पाठ अशी. एकाच पानावर बेडूक आणि मानवी भ्रूण असतील, तर गोंधळ अटळ आहे. 'वर-खाली'चेही तसेच. मला वाटते, पहिल्या उल्लेखात 'डोके-शेपूट अक्ष' आणि 'पाठ-पोट अक्ष' असे सरळ लिहावे. चौथ्या आठवड्यापासून काही काळ मानवी भ्रूणालाही शेपूट असते, म्हणून तो शब्द माणसालाही लागू पडतो, आणि 'पाठपोट' तर कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापण्यासाठी आपण रोज वापरतो. त्यानंतर 'अग्र-पश्च' आणि 'पृष्ठ-अधर' या संज्ञा द्याव्यात.

'अधर' म्हणजे ओठ असे मुलांना वाटते, म्हणून 'उदर' का नको, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. कीटकाच्या शरीराचे शीर्ष, वक्ष आणि उदर असे तीन भाग आपण शिकवतो. 'उदर बाजू' म्हटले, तर ती त्या मागच्या भागाची बाजू वाटेल, आणि वक्षाची खालची बाजू कोणती म्हणायची हा प्रश्न उरेल. म्हणून 'अधर'च योग्य. कीटकांचा मुख्य चेतारज्जू, म्हणजे चेतातंतूंचा जाड दोर, अधर बाजूला असतो आणि पृष्ठवंशीयांचा पृष्ठ बाजूला. हा उलटेपणा पाहून 1822 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जोफ्रुआ सेंट-इलेर यांनी पृष्ठवंशीय म्हणजे जणू पालथे केलेले कीटकच, अशी कल्पना मांडली होती. तिची खिल्ली उडाली, पण पुढे जनुकांच्या अभ्यासातून असे दिसले, की फलमाशीत पाठीची बाजू घडवणाऱ्या प्रथिनाचे सजातीय, म्हणजे समान पूर्वजाकडून आलेले, प्रथिन बेडकात पोटाची बाजू घडवते. शब्द नीट ठरलेले नसतील, तर हे वाक्य लिहितासुद्धा येणार नाही.

आता क्रियापद. माझे मत 'ठरणे' या बाजूचे आहे. 'तयार होणे' म्हटले, की पूर्वी नसलेली एखादी वस्तू निर्माण झाल्यासारखे वाटते. 'प्रस्थापित होणे' चुकीचे नाही, पण ते काय झाले एवढेच सांगते, कोणी केले आणि केव्हा केले हे सांगत नाही. मराठीत मात्र 'ठरलेला असणे', 'ठरवणे', 'ठरणे' आणि 'पक्का होणे' अशा चार पायऱ्या सहज उपलब्ध आहेत, आणि निरनिराळ्या प्राण्यांत नेमक्या याच पायऱ्या दिसतात.

फलमाशीचे अंडे घ्या. ते अंडाशयात वाढत असतानाच आईच्या पेशी बायकॉइड नावाच्या जनुकाचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा रेणू, अंड्याच्या एका टोकाशी साठवतात. पुढे त्यापासून प्रथिन बनते, त्या टोकाशी दाट आणि दूर जावे तसे विरळ, आणि कोठे डोके, कोठे वक्ष हे त्या दाटपणावरून निश्चित होते. ज्या मादीत हे जनुक निकामी असते, तिच्या अळ्यांना डोके आणि वक्ष नसतात आणि पुढच्या टोकालाही शेपटाकडचे अवयव येतात. दोन शेपटांवरूनच त्या जनुकाला नाव मिळाले. अशा जनुकांचा शोध घेणाऱ्या क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांना 1995 मध्ये एडवर्ड लुईस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. येथे 'फलनानंतर अक्ष तयार होतो' असे लिहिणे सरळ चूक ठरेल. अक्ष आईने ठरवलेला असतो, आणि मराठीतले प्रयोजक रूप ते एका शब्दात सांगते.

बेडकाची गोष्ट वेगळी. त्याच्या अंड्याचा वरचा गडद आणि खालचा फिकट असा भेद आईकडून येतो, पण पाठ कोणत्या बाजूला असेल हे तेव्हा ठरलेले नसते. शुक्राणू वरच्या अर्धगोलात कोठेही शिरू शकतो. तो शिरल्यावर, पहिले विभाजन होण्यापूर्वी, अंड्याचा बाहेरचा थर आतल्या द्रव्याच्या मानाने सुमारे 30 अंशांनी सरकतो, आणि शुक्राणू शिरला त्याच्या साधारण समोरची बाजू पाठीची होते. हे सरकणे अतिनील किरणांनी थांबवले, तर पाठ आणि डोके नसलेला, केवळ पोटाकडच्या ऊतींचा गोळा उरतो. येथे अक्ष 'ठरतो' हे अकर्मक रूपच शोभते, कारण हा निर्णय आईचाही नाही आणि एकट्या शुक्राणूचाही नाही.

कोंबडीत आणखी एक छटा दिसते. अंडे कवच चढत असताना मादीच्या शरीरात हळूहळू फिरत असते, त्यामुळे बलकावरची पेशींची चकती तिरपी राहते आणि गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखाली तिची मागची बाजू ठरते. तरीही या अवस्थेतल्या चकतीचे तुकडे केले, तर एकेका तुकड्यात स्वतंत्र अक्ष उभा राहू शकतो. म्हणजे अक्ष ठरला आहे, पण पक्का झालेला नाही. ठरलेले मोडू शकते, पक्के झालेले मोडत नाही, हा फरक भ्रूणविज्ञानात फार मोलाचा आहे. त्यासाठी नवी संस्कृत जोडी घडवण्याची मला गरज वाटत नाही.

'तयार होणे' जेथे खरोखर शोभते, अशीही एक जागा आहे. 1924 मध्ये हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी जलसरड्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका भ्रूणाच्या पाठीकडच्या बाजूचा लहानसा तुकडा त्यांनी दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला, आणि तेथे दुसऱ्या शरीराची घडण सुरू झाली. फिकट आणि गडद अशा दोन जातींचे भ्रूण वापरल्यामुळे कोणती पेशी कोणाची हे ओळखता येत होते. नव्या चेतानलिकेचा, म्हणजे पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणाऱ्या नळीचा, बहुतांश भाग यजमानाच्याच, म्हणजे ज्यात तुकडा बसवला त्या भ्रूणाच्याच, पेशींचा निघाला. म्हणून श्पेमान यांनी त्या तुकड्याला 'संघटक' या अर्थाचे नाव दिले. त्यांना 1935 मध्ये नोबेल मिळाले. हिल्डे मांगोल्ड यांचा मात्र प्रयोग प्रसिद्ध झाला त्याच वर्षी अपघाती मृत्यू झाला होता, आणि त्यांचे नाव टिपणांत अवश्य यावे, असे मला वाटते. या प्रयोगाबद्दल 'दुसरा अक्ष तयार झाला' असे खुशाल लिहावे.

तिसऱ्या, म्हणजे डाव्या-उजव्या अक्षाबद्दल प्राध्यापिकांनी विचारलेले नाही, पण शब्दांची खरी कसोटी तेथेच लागते. गोदावरीचा डावा तीर कोणता हे आपण प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरवतो. त्यामुळे पंचवटी डाव्या तीरावर येते आणि नांदूरमधमेश्वरहून निघणाऱ्या कालव्यांना डावा आणि उजवा ही नावे मिळतात, मग पाहणारा कोठेही उभा असो. भ्रूणातही डोके-शेपूट आणि पाठ-पोट हे दोन अक्ष ठरले, की डावे-उजवे ही नावे आपोआप मिळतात. दोन्ही बाजूंत फरक मात्र वेगळा पडावा लागतो. उंदराच्या भ्रूणात एका लहानशा खळगीत केसांसारख्या सूक्ष्म पक्ष्माभिका गोल फिरतात आणि द्रवाचा प्रवाह डावीकडे नेतात, हे 1998 मध्ये दाखवले गेले. डावी बाजू वेगळी होण्याची सुरुवात त्या प्रवाहापासून होते. ज्या माणसांत पक्ष्माभिका जन्मतः हलत नाहीत, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांचे हृदय आणि यकृत उलट्या बाजूंना असते. अशा लोकांबद्दल 'अक्ष ठरला नाही' असे लिहू नये. अक्ष आहे, बाजूंचा भेद मात्र नशिबावर सोडला गेला.

शंखाच्या बाबतीत तर विशेष जपावे. पूजेतला दुर्मीळ 'दक्षिणावर्ती' शंख प्राणिशास्त्रात डाव्या वळणाचा गणला जातो. शास्त्रात टोक वर धरून तोंड कोणत्या बाजूला येते ते पाहतात, तर परंपरेत शंख त्याच्या उलट धरला जातो. दोन्ही संकेत आपापल्या जागी बरोबर आहेत, पण टिपणात कोणता वापरला ते लिहायलाच हवे. तळ्यातल्या गोगलगाईत हे वळण पिल्लाच्या नव्हे, तर आईच्या जनुकांवरून येते, असे 1923 मध्ये अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी सुचवले आणि ते खरे निघाले. येथेही 'आईने ठरवलेले' हेच रूप वापरावे.

आकृत्यांच्या खाली 'डावी बाजू' असे नुसते न लिहिता 'भ्रूणाची डावी बाजू' असे लिहावे. पोट आपल्याकडे असलेल्या चित्रात ती पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला येते, आणि परीक्षेत गुण जातात ते बहुधा येथेच.