तळ्याचा गाळ काढून दोन वर्षं झाली, पाणीही टिकतंय, मग पक्षी का येत नाहीत? कुठल्या महिन्यात काय दिसायला हवं?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण 2018 साली आमच्या तळ्याच्या बांधावर उभा राहून मीही हेच विचारत होतो. तुम्ही म्हणता, निपाणीकडच्या तुमच्या गावात तळं साफ झालं, पण एक खंड्या आणि दोन टिबुकल्या (पाण्यात बुड्या मारणारे छोटे पक्षी) सोडल्या तर काहीच नाही. आणि करकोचे कधी येतील?

आधी मला सांगा, तुमच्या तळ्यात गुडघाभर पाणी कुठं आहे का?

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात. 2016 च्या उन्हाळ्यात गाळ काढला. जेसीबीनं कडा सरळ उभ्या कापल्या, तीन बाजूंनी दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, झालं. तळं दिसायला देखणं, पण म्हशीला उतरायला वाट नाही, तिथं बगळा कुठं उभा राहणार? तीन वर्षं तशीच गेली. मग ऑगस्ट 2019 चा पूर आला. ओढ्याच्या तोंडाकडची बाजू खचली, माती आत पसरली आणि एकरभर जागा उथळ झाली. गावात ओरड, पैसे पाण्यात गेले. (गेले होतेच की ओ, शब्दशः.) दुरुस्तीला निधी मिळाला नाही म्हणून ती बाजू तशीच राहिली. आज आमच्याकडं जे काही दिसतं, त्यातलं बहुतेक त्या खचलेल्या कोपऱ्यात दिसतं.

मृग लागून दोन मोठ्या सरी झाल्या की रात्री बॅटरी घेऊन जा. हळदीसारखे पिवळेधमक झालेले मोठे बेडूक जबड्याखालच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडत असतात. हा रंग नरांचा, आणि थोड्या दिवसांचाच. त्याच सुमाराला चढणीचे मासे ओढ्यातून भातात शिरतात. पोटात अंडी असलेले हे मासे आडवी जाळी लावून धरू नका, असं सांगितल्यावर माझं निम्म्या गल्लीशी भांडण झालं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

रोप लावण उरकली की कमळपक्षी बघा. पावसाळ्यात त्याला लांब, बाकदार शेपूट असतं, हिवाळ्यात ते गळून पडतं, म्हणून नवखा माणूस हे दोन वेगळे पक्षी समजतो. मादी एकाच हंगामात वेगवेगळ्या नरांपाशी अंडी घालते. उबवायची आणि पिल्लं सांभाळायची, सगळं नराच्या गळ्यात. पण पाण्यावर तरंगणारी पानंच नसतील तर हा पक्षी येणार नाही.

झाडोरा आम्ही लावला नाही. पुराच्या मातीत कंद आणि बी होतंच. पहिल्या वर्षी लव्हाळा आणि पाणकणीस आलं, नंतर नाळीची भाजी, आणि तिसऱ्या पावसाळ्यात कुमुदाची पानं दिसली. दसरा-दिवाळीच्या सुमाराला काठावर कोळशिंदा जांभळा-निळा फुलतो. त्याच्या काट्यांमुळं गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून लोक तो उपटतात. थोडा राहू द्या, पाणकोंबड्यांना त्यात आडोसा मिळतो. जलपर्णी मात्र दिसेल त्या दिवशी काढा. ती माजली असेल तर गटाराचं पाणी कुठनं तरी तळ्यात येतंय, ते आधी शोधा.

गौरी-गणपतीपासून धोबी पक्षी शेपटी हलवत काठावर फिरू लागतात. तेव्हाच शिवारावर सोनेरी चतुरांचे थवे तरंगतात. हे एवढेसे जीव हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात असं अभ्यासक मानतात.

थंडीत बदकं. हळदी-कुंकू बदक इथलंच, बारमाही. थापट्या आणि तलवार बदक उत्तरेकडचे पाहुणे, आमच्याकडं मोजकेच उतरतात. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला तो वारकरी. आमचे वारकरी आषाढीला नाही, कार्तिकीच्या आसपास जमतात.

खरी गंमत फेब्रुवारीनंतर आहे, आणि नेमकं तेव्हाच लोक तळ्याकडं जायचं सोडतात. पाणी रोज थोडं मागं सरकतं, ओला चिखल उघडा पडतो, त्यात किडे, गोगलगायी, अडकलेले मासे. शेकाटे लांब गुलाबी पायांवर फिरतात, तुतवार चिखलात चोच खुपसतात, उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी काढून खातो. वाळलेल्या काठावर टिटवी नुसत्या खड्यांत अंडी घालते. एप्रिलमध्ये गावकऱ्यांना तळं आटताना बघवत नाही, पण उभ्या काठाच्या तळ्यात पाणी नुसतं खाली जातं, चिखलाचा पट्टा उघडा पडतच नाही. तुमची अडचण मला तीच वाटते.

तेव्हा या उन्हाळ्यात ओढ्याच्या तोंडाकडची एक बाजू, बांधाची नव्हे, तिरकी करून घ्या. दहा-बारा पावलं आत गेल्यावर पाणी गुडघ्याला लागावं, इतका उतार. बाकी तळं खोल राहू दे, शेतीला ते लागतंच. सगळ्या काठांवर झाडं लावायची घाई करू नका, चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना चहूकडं दिसावं लागतं. करंज, जांभूळ, वाळुंज एका बाजूला पुरेत. आणि गवत्या मासा सोडू नका, तो पाणवनस्पती फस्त करतो. चिलापीही नको, एकदा शिरली की निघत नाही.

माझे महिने तंतोतंत धरू नका. घाटाकडच्या कणकुंबी-जांबोटीचा धो-धो पाऊस वेगळा, पूर्वेकडच्या कोरड्या अथणीचा वेगळा. तुमचं पाणी जानेवारीतच आटत असेल तर चिखलाचा हंगाम तेवढा अलीकडं येईल.

करकोच्यांपैकी उघड्या चोचीचा तुमच्याकडं येऊ शकेल, उथळ पाणी आणि गोगलगायी असतील तर. पण कांड्या करकोच्यांचे थवे डोळ्यांपुढं ठेवून विचारत असाल तर त्यांना मोठं, मोकळं पाणी आणि भोवती उघडं रान लागतं. त्यासाठी थंडीत गोकाक तालुक्यात धुपदाळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात जा. सकाळी लवकर पोहोचा.