झिऱ्या मारायला कुठलं मशीन घ्यावं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या वेळी जुन्या घराच्या रीवायरिंगबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेले निम्म्याहून जास्त प्रश्न वायरचे नव्हतेच, भिंतीला झिऱ्या, म्हणजे वायरचा पाइप आत बसवायच्या खाचा, मारायच्या मशीनचे होते. पंचवीस वर्षं हेच काम करतोय त्यामुळे मनापासून लिहितोय, कारण चुकीचं मशीन घेऊन लोकांचे पैसे जातात, ते एक वेळ चालेल पण भिंत खिळखिळी होते ती परत येत नाही.

नाशिकहून प्रश्न: माझ्याकडे 600 वॅटचं 13 मिमी चकचं हॅमर ड्रिल आहे. 2 बीएचकेचं कन्सील्ड वायरिंग करायचंय, याच मशीनने झिऱ्या मारता येतील का?

नाही येणार. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात कारण नावातच हॅमर आहे. या मशीनमधे दोन दातेरी चकत्या असतात, त्या एकमेकींवर फिरताना दातावरून दात उडतो आणि त्याचा ठोका बसतो. मिनिटाला 40-45 हजार ठोके पडतात पण एकेक ठोका अगदी हलका, आणि बिट (मशीनच्या पुढचं टोक) फिरायचं थांबलं की ठोकाही थांबला. झिरीला नेमकं उलटं पाहिजे, छिन्नी फिरायला नको आणि नुसती जोरात ठोकली गेली पाहिजे. तो मोड या मशीनमधे नसतोच. मग लोक काय करतात तर रांगेत भोकं पाडतात आणि मधला भाग हातोडीने उडवतात, एका खोलीत मशीन तापून वास यायला लागतो, आणि भिंतीला दाब देऊन देऊन खांदा जातो तो वेगळाच.

ते ड्रिल विकू नका पण. क्लॅम्प आणि बॉक्सचे स्क्रू यांच्यासाठी 6 आणि 8 मिमीची भोकं पाडायला ते उत्तम आहे, लाकडाला आणि लोखंडालाही चालतं.

झिरीसाठी घ्यायचं ते एसडीएस प्लसवालं (खाचा असलेल्या दांड्याचं बिट नुसतं ढकलून अडकवायचं) रोटरी हॅमर. आपल्याकडे साइटवर कुठल्याही तोडायच्या मशीनला सरसकट हिल्टीच म्हणतात त्यामुळे दुकानात नुसतं हिल्टी द्या म्हटलं तर काहीही हातात येईल, म्हणून नीट सांगा की तीन मोडचं एसडीएस प्लस पाहिजे: नुसतं ड्रिल, हॅमर ड्रिल आणि नुसतं चिझेल. यात आत पिस्टन असतो, तो हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोरावर फटका बसतो. मिनिटाला चार-साडेचार हजारच, पण एकेक फटका दमदार. तुम्ही फक्त मशीन धरायचं, दाबायचं नाही.

ठाण्याहून प्रश्न: दुकानदार म्हणतो जितके जास्त वॅट तितकं चांगलं, 1500 वॅटचं 5 किलोचं घ्या म्हणजे काम पटकन होईल. घेऊ का?

वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, भिंतीला फटका किती बसतो ते जूलमधे (एका फटक्याच्या ऊर्जेचं माप) बघायचं. बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. उदाहरण सांगतो, बॉशचं जीबीएच 2-26 आणि मकिताचं एचआर 2630 ही दोन्ही 800 वॅटची, पहिल्याचा फटका 2.7 जूल आणि दुसऱ्याचा 2.4 जूल. घरातल्या विटेच्या भिंतीला दोन ते तीन जूल पुरेसे आहेत. मशीनचं वजन तीन किलोच्या आतबाहेर, दिवसभर खांद्याच्या उंचीवर धरता येतं.

5 किलोचं मशीन साडेचार इंची भिंतीवर लावलंत ना तर पलीकडच्या खोलीचं प्लास्टर पडतं. एका फ्लॅटमधे मी स्वतः हे केलंय, घाई होती म्हणून मोठं मशीन आणलं आणि शेजारच्या खोलीतलं ताजं पुट्टी-पेंट केलेलं प्लास्टर दोन फूट सुटलं, सगळं माझ्या खर्चाने करून दिलं. मोठं मशीन फरशी आणि काँक्रीट फोडायला ठेवा.

अजून एक बघा, सेफ्टी क्लच आहे का. बोअर पाडताना बिट सळीत अडकलं आणि क्लच नसेल तर मशीन तुमच्या मनगटासकट फिरतं, शिडीवर असाल तर खाली. बाजूचं हँडल लावल्याशिवाय मशीन सुरू करूच नका, माझ्याकडच्या मुलांना मी हे रोज सांगतो.

सांगलीहून प्रश्न: एसडीएस मशीन घेतलं, पण झिरी सरळ येत नाही, कडा तुटतात आणि 1 इंचाच्या पाइपला 3 इंच रुंद खड्डा होतो. बिट चुकलंय का?

बिट ठीक आहे, क्रम चुकतोय. झिरी आधी कापायची आणि मग फोडायची. दोरीला रंग लावून दोन रेघा मारून घ्या, 25 मिमी पाइपला मधे 30-32 मिमी अंतर ठेवा. त्या दोन रेघांवर मार्बल कटरने डायमंड ब्लेड चालवा, 4 इंची ब्लेडने 30 मिमीच्या आसपास खोली मिळते. मग मधली पट्टी 20 मिमीच्या चपट्या चिझेलने उडवा, मशीन चिझेल मोडवर ठेवून आणि बिट भिंतीला तिरपं धरून. काटकोनात धरलं तर बिट आत रुततं आणि वीट मधोमध फुटते. अशा पद्धतीने पट्टी अक्षरशः सोलून निघते, कडा चाकूने कापल्यासारख्या राहतात आणि नंतर भरायला मालही कमी लागतो. दोन ब्लेडचं वॉल चेसर मिळतं ते याहून भारी, धूळ ओढायला पाइप लावता येतो, पण एका घरासाठी विकत घेणं परवडत नाही, भाड्याने मिळालं तर जरूर आणा.

आता खोलीचं सांगतो, मशीनपेक्षाही मला याची जास्त काळजी वाटते. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल नको, प्लास्टर यात धरायचं नाही. साडेचार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची भिंत 115 मिमी, उभी झिरी 38 मिमीपर्यंत चालेल आणि आडवी जेमतेम 19. 25 मिमीचा पाइप उभा सहज बसतो पण आडवा बसतच नाही! म्हणून अर्ध्या विटेच्या भिंतीत बोर्डापासून बोर्डापर्यंत आडवी झिरी मारायची नाही, पाइप वर नेऊन फॉल्स सीलिंगमधून किंवा खाली फ्लोअरिंगमधून फिरवून परत खाली-वर आणायचा. वायर चार मीटर जास्त जाईल, जाऊ द्या. नऊ इंची भिंतीत आडवी 38 मिमीपर्यंत जमते, तीही लांबलचक नको. मॉड्युलर बॉक्सची खोली साधारण 50 मिमी असते त्यामुळे अर्ध्या विटेच्या भिंतीत दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बॉक्स बसवू नका, मधे काहीच उरत नाही. कॉलम आणि बीमला तर ब्लेड लावायचंच नाही, मालक कितीही म्हणाला तरी.

वाकड, पुण्याहून प्रश्न: आमच्या बिल्डिंगमधे भिंती सिपोरेक्सच्या आहेत, त्याला कुठलं रोटरी हॅमर चालेल?

कुठलंच नको. सिपोरेक्स म्हणजे हवेचे बुडबुडे असलेला हलका ब्लॉक, त्यावर ठोकलं की जोडापासून तडे जातात आणि ते महिन्याभराने पेंटमधून दिसतात. कटरने दोन रेघा कापा आणि मधला भाग हाताच्या ग्रूव्ह स्क्रॅपरने खरवडून काढा, लोण्यासारखा निघतो. भरताना नुसतं सिमेंट-वाळू नको, पॉलिमरवालं मॉर्टर वापरा आणि वरून फायबर जाळी लावा.

(चिपळूणहूनही असाच एक प्रश्न आहे, जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंतीबद्दल. चिरा मऊ असतो पण सच्छिद्र, मोठा फटका दिला की डोळ्याएवढं पाहिजे तिथे नारळाएवढं ढेकूळ निघतं. कटर लावून कमी वेगावर चिझेल चालवा, ट्रिगरवर बोट हलकं ठेवा.)

कोल्हापूरहून प्रश्न: नवीन मशीनला दोनच पिना आहेत, अर्थिंगची पिन नाही. फसवलं का मला?

नाही, घाबरू नका. मशीनच्या प्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण बघा, ती असेल तर मशीन डबल इन्सुलेटेड आहे आणि त्याला अर्थिंग लागतच नाही. मात्र वायर कुठे सोललेली असेल, बॉडीला तडा असेल तर ते संरक्षण संपलं, मशीन बाजूला ठेवा.

रीवायरिंग चालू असताना मशीनला वीज कुठून घ्यायची हा खरा प्रश्न. ज्या सर्किटच्या भिंतीत कापताय ते एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री करा, आणि मशीनसाठी वेगळा तात्पुरता बोर्ड करा, त्यावर 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की लगेच बंद करणारं स्विच) पाहिजेच पाहिजे. 800 वॅटचं मशीन साडेतीन अँपिअर घेतं त्यामुळे साधं सॉकेट चालतं, पण कटर वगैरे मोठं काही लावणार असाल तर 16 अँपिअरचं घ्या आणि एक्स्टेंशनची वायर 2.5 स्क्वेअर एमएमची, रीळवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण सोडून मगच वापरा कारण गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. जुन्या भिंतीत स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ बाजूला पाइप असणारच असं धरून चाला.

गिरगावातून एका ताईंचा प्रश्न: घरात आई आहे, तिला दमा आहे. धूळ कमी होईल असं मशीन आहे का?

ताई, आईंना ते तीन-चार दिवस दुसरीकडे ठेवा, हे मी सगळ्यात आधी सांगेन. कटरची धूळ इतकी बारीक असते की दाराच्या फटीतून सगळ्या घरात जाते, आणि विटेच्या आणि सिमेंटच्या धुळीत सिलिका असते ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. कारागिरांना तर हे आयुष्यभर भोगावं लागतं. तोंडाला बांधलेला रुमाल काहीच अडवत नाही, एन95 मास्क द्या, तुम्ही स्वतः आणून द्या, बरेचदा ठेकेदार देत नाहीत. कटरला व्हॅक्यूम जोडता येत असेल तर तसंच मशीन मागा. आदल्या दिवशी भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारला तर धूळ बरीच बसते, पण मशीन चालू असताना पाणी मारू देऊ नका. दाराला ओल्या चादरी लावा, झाडू नका, पुसून घ्या.

डोंबिवलीहून प्रश्न: भाऊ न्यू जर्सीहून येतोय, तिकडून चांगलं रोटरी हॅमर मागवू का?

नको. तिकडचं वायरचं मशीन 120 व्होल्टचं, आपल्याकडे 230, लावल्या लावल्या जळेल. एवढ्या वॅटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर घेतला तर तोच मशीनपेक्षा जड होतो आणि कार्बन ब्रश, स्विच असे सुटे भाग इथे मिळायला त्रास. दुबईहून कोणी येत असेल तर तिथलं चालेल, व्होल्टेज जुळतं, फक्त पिन बदलावी लागेल. एसडीएस प्लसची बिटं मात्र भावाला खुशाल आणायला सांगा, दांडा सगळीकडे सारखाच, 10 मिमीचा.